तीन पावलांचा सौदा

नागपुरात आठवड्याचे वार पंचांगापेक्षा बाजारात जास्त भेटतात. 'सोमवारी शुक्रवारीला जाऊ आणि येताना बुधवारीतून भाजी घेऊन मंगळवारीला मावशीकडे डोकावू' हे वाक्य अस्सल नागपूरकर एका दमात बोलून जातो, आणि ऐकणाऱ्या पुणेकर पाहुण्याला वाटते, यजमानांची प्रकृती बरी नसावी. वस्तुतः इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी ही सारी वस्त्यांची नावे. बाजार रोजचा झाला. वार मात्र नावाला चिकटून राहिला. ज्या गावाने आपल्या वस्त्या बाजाराच्या वारांनी ओळखल्या, तेथे भाव न करता वस्तू घेणे हा जवळजवळ असभ्यपणा मानला जावा, यात नवल ते काय!

आमच्या घरात ही विद्या आईकडे होती. वडील शाळामास्तर, त्यांना भूमिती येत होती, घासाघीस येत नव्हती. एकदा हिवाळ्यात ते शाल घ्यायला गेले. दुकानदाराने दीडशे सांगितले आणि वडिलांनी खिशातून दीडशे काढून समोर ठेवले. दुकानदार बराच वेळ त्या नोटांकडे नुसता पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद म्हणून नव्हता. आपण दोनशे का म्हटले नाही, ही एक टोचणी; आणि आपली सगळी तयारी फुकट गेली, ही दुसरी. शेवटी तो कळवळून म्हणाला, "मास्तर, तुम्ही काहीच बोलले नाही जी!" ती शाल घरी आल्यावर आईने वडिलांना पुढे कित्येक वर्षे बाजारात एकटे पाठवले नाही. पाठवलेच तर आठव्या-नवव्या वर्षापासून मला सोबत द्यायची. पिशवी धरायला वडील आणि भाव करायला मी!

माझे शिक्षण मात्र आईच्या मागे मागे, महालातल्या बुधवारीत झाले. तिची पहिली पायरी अशी की, जे घ्यायचे त्याकडे पाहायचेच नाही. वांगी हवी असली की ती दोडक्यांची चौकशी करी, भोपळ्यावर टिचकी मारी, आणि निघता निघता, आठवले म्हणून विचारावे तसे विचारी, "वांगे कसे दिले?"

हे 'कसे दिले' नागपूरचे. सौदा अजून व्हायचा आहे, पण क्रियापद भूतकाळी! जणू वांगी कधीच माझी झालेली आहेत, फक्त कितीला झाली तेवढे सांगा. एका शब्दाच्या काळात केवढा डाव भरलेला असतो, हे मला व्याकरणाच्या वर्गात नव्हे, वांग्यांच्या टोपलीपाशी कळले.

"दोन रुपये पाव, मास्तरीणबाई."

"दोन रुपये! काहून, चांदीचे आहेत काय?"

"माल तर पाहा ना बाई. सकाळी तोडलेले हायेत."

"सकाळी तोडले, मग आताच माना टाकून काहून राहिले? दीड लावा."

"पुरत नाही जी दीडमंदी."

"मग राहू द्या."

आणि आई वळे. एक पाऊल, दोन पावले, तीन पावले. तिसऱ्या पावलाशी मागून हाक येई, "या बाई, पावणेदोन द्या!" आई काहीतरी विसरलेले आठवावे तशी परते. वांगी पिशवीत पडत, वरून सांबाराच्या चार काड्या आणि मूठभर मिरच्या येत आणि दोघी एकमेकींच्या मुलांची चौकशी करीत.

या तीन पावलांवर मी लहानपणी फार विचार केलेला आहे. ती भराभर टाकली तर विकणाराला वाटते, बाई खरेच गेली. हाक मारून उपयोग नाही. सावकाश टाकली तर तिला कळते की, हिला वांगी हवीच आहेत. मग ती हाक मारीत नाही. चौथे पाऊल पडले की परत येणे मानहानीचे होते. अनेकदा हाक आलीच नाही. एकदा ऐन थंडीत, भरताची वांगी डोळ्यांसमोर ठेवून आई चार पावले गेली, पाच गेली, दहा गेली, मागे शांतता. त्या आठवड्यात आमच्याकडे भरीत झाले नाही. पुढच्या आठवड्यात आई त्याच बाईकडे गेली आणि दोघीही गेल्या वेळचे काही घडलेच नाही अशा बोलू लागल्या.

मात्र आईचा एक विचित्र नियम होता. बाजारात गॅसबत्त्या पेटल्या की ती भाव करीत नसे. जो सांगतील तो भाव देई. "लक्ष्मीची वेळ आहे, हुज्जत नको," एवढेच म्हणे. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाने बोहनीला फार ताणू नये, दिवेलागणीला घरातून मीठ देऊ नये, असल्या नियमांच्याच पंगतीला मी तो बसवून टाकला होता.

हुज्जत! आईने सहज वापरलेला हा शब्द मुळात अरबी. तेथे त्याचा अर्थ पुरावा, युक्तिवाद. न्यायालयात शोभणारा हा शब्द आपण भाजीबाजारात आणला आणि त्याला भांडखोर केले. 'दलाल' हाही अरबीच. मूळ अर्थ वाट दाखवणारा. आता तो कोणती वाट दाखवतो ते ज्याचे त्याने ठरवावे. 'सौदा' फारसीतून आला. तेथे आणि उर्दूत त्याचा एक अर्थ व्यापार आणि दुसरा वेड. दोघांचे मूळ वेगळे असेल, पण दिवाळीच्या आधीच्या रविवारी सीताबर्डीच्या रस्त्यावर उभे राहिले की हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत. आणि आपला 'भाव' तर काय! देवापुढेही तोच, दुकानापुढेही तोच.

पण मराठी बाजारभाषेतले खरे रत्न म्हणजे नंदभाषा. गिऱ्हाइकाच्या तोंडावर दोन व्यापाऱ्यांनी किमतीविषयी बोलावे आणि गिऱ्हाइकाला अक्षर कळू नये, यासाठी केलेली ही सांकेतिक बोली. मोल्सवर्थच्या कोशात तिची नोंद आहे. तिच्यात दोनला आवारू म्हणतात, तीनला उधानू, चारला पोकू, पाचाला मुळू आणि दहाला अंगुळू. 'हे लुगडे मुळूच्या खाली देऊ नको' असे मालक नोकराला सांगतो आणि समोरची बाई मान डोलावते. विसोबा खेचरांच्या नावावर या भाषेतला एक अभंग सांगितला जातो. पाच मुखांचा, तीन डोळ्यांचा, दहा हातांचा शंकर त्यात दलालांच्या आकड्यांनी वर्णिला आहे. परंपरेप्रमाणे विसोबा मूळचे व्यापारी पेशाचे. ज्या आकड्यांनी गिऱ्हाइकापासून किंमत लपवायची, तेच आकडे या माणसाने देवाचे रूप उघड करून सांगायला वापरले! वर्गात मी हे सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही क्षणभर मोबाइल खाली ठेवतात.

जेथे बोलणेही नको, तेथे बोटे होती. दोघे समोरासमोर बसायचे, हातांवर शेला किंवा रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटे दाबून भाव सांगायचा. एक बोट म्हणजे एक, दहा, शंभर की हजार, हे मालावरून समजून घ्यायचे. याला हत्ता म्हणतात. काही जनावरांच्या बाजारांत तो अजूनही पाहायला मिळतो. बैलाच्या पाठीशी उभे दोन फेटेवाले, मध्ये एक उपरणे, आणि दोघांची नजर आभाळाकडे. पाहणाराला मोठी मौज वाटते. पण एकेकाळी कापसाचा, धान्याचा भावही असाच ठरत असे. ठरवीत असत अडत्या आणि खरीददार, आणि ज्याचा कापूस, तो शेतकरी शेजारी बसून त्या हलणाऱ्या उपरण्याकडे पाहत असे. आपल्या मालाला काय भाव आला, हे त्याला उपरणे निघाल्यावर कळायचे.

या उपरण्याविरुद्ध पहिली मोठी खटपट आमच्या विदर्भातच झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८८६ साली कारंज्याला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला. हिंदुस्थानातला हा पहिला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदाच आला. इंग्रजांना वऱ्हाडी शेतकऱ्याचा कळवळा आला होता अशातला भाग नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस बेताच्या भावात हवा होता. पण १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनने असे बाजार सर्व प्रांतांत असावेत म्हणून शिफारस केली आणि पुढे जसजसे कायदे होत गेले तसतसा नियंत्रित बाजारांत हत्ता बंद होऊन उघड लिलाव आला. आज आमच्या कळमन्याच्या यार्डात पहाटे जी आरडाओरड चालते तिला कंटाळणाऱ्यांनी ते उपरणे आठवावे. ओरडलेला भाव निदान मालकाच्या कानावर तरी पडतो.

आजीची तक्रार मात्र वेगळीच होती. तिच्या मते घासाघिशीचा खरा घात १ एप्रिल १९५७ रोजी झाला, ज्या दिवशी नवे पैसे आले. हे तिचे म्हणणे मी पुढे कागदावर मांडून पाहिले आणि चाट पडलो. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट. चौसष्टाचे निम्मे करीत गेले तर बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक. अगदी शेवटपर्यंत अपूर्णांक येत नाही. शंभराचे दोनदा निम्मे केले की पंचवीस, आणि पुढे साडेबारावर गाडी अडली! घासाघीस म्हणजे दुसरे काय असते? तुझे राहू दे, माझे राहू दे, मधले घे. आण्या-पैशांच्या रुपयात हे 'मधले' कितीही वेळा सापडत असे. आजी दुसरी यत्ता शिकलेली होती.

पुढे माझे लग्न झाले आणि घरात पुणे आले. सौभाग्यवतींचे माहेर सदाशिव पेठेत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्या गोकुळपेठेच्या बाजारात गेल्या आणि "कोथिंबीर कशी दिली?" ऐवजी "कोथिंबिरीचा काय भाव?" म्हणाल्या. भाजीवाला बुचकळ्यात पडला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "सांबार म्हणता काय? तो तर वरून देतो जी. भाजी काय घेता?" सौ. घरी येऊन म्हणाल्या, "तुमच्या गावात वस्तूला किंमत नाही."

त्यांचे तत्त्व सरळ होते. किंमत लिहिलेली असावी. पटली तर घ्यावी, नाहीतर पुढे जावे. दोन माणसांनी चारचौघांत पाच रुपयांसाठी कंठशोष करू नये. आणि या तत्त्वाला मोठी वंशावळ आहे हे मान्य केले पाहिजे. इंग्लंडातल्या क्वेकर पंथाचे लोक सतराव्या शतकातच म्हणत असत की, एक किंमत मनात धरून दुसरी तोंडाने सांगणे हे असत्य भाषण होय. त्याच शतकात, १६७३ मध्ये, जपानच्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, मित्सुई घराण्याचे एचिगोया नावाचे कापडाचे दुकान निघाले आणि रोख पैसे, एकच भाव अशी त्याची ख्याती झाली. पॅरिसमध्ये १८५२ पासून बूसिको याने 'बाँ मार्शे' हे दुकान त्याच धर्तीवर वाढवले. यात नीतीचा भाग किती आणि सोयीचा किती, हा प्रश्न आहे. शेकडो नोकर असलेल्या दुकानात प्रत्येकाला भाव ठरवायची मुभा दिली तर मालकाचे दिवाळे वाजेल. तेव्हा चिठ्ठी लावा आणि नोकराचे तोंड बंद करा, हाही हिशेब त्यात होताच.

आपल्याकडे वेष्टनातल्या मालावर किंमत छापण्याचे नियम १९७७ चे, आणि सर्व करांसह कमाल किंमत छापण्याची पद्धत १९९० पासूनची. गंमत पाहा, कायदा 'कमाल' म्हणतो. म्हणजे याहून जास्त घेऊ नका, कमी घ्यायला कोणाची ना नाही. पण आपण मध्यमवर्गीय माणसे तो आकडा शिलालेखासारखा वाचतो. जी गृहिणी मेथीच्या जुडीसाठी दहा मिनिटे उभी राहते, तीच साबणाच्या वडीवरची किंमत न बोलता देते. छापलेल्या अक्षरापुढे मान तुकवणे ही आमच्या शिक्षणाची एक देणगी आहे.

आणि आता तर छापील आकडाही सुटत चालला आहे. मोबाइलवर टॅक्सी मागवा; पाऊस आला की भाडे वाढते, माणसे वाढली की वाढते. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने टॅक्सी कंपन्यांना नोटिसा काढल्या, कारण एकाच प्रवासाला दोन प्रकारच्या फोनांवर दोन भाडी दिसतात अशा तक्रारी होत्या. कंपन्यांनी आरोप नाकारला. खरेखोटे काहीही निघो. पण माणूस पाहून भाव सांगायची पद्धत यंत्रातून परत यायला लागली आहे, एवढी शंका लोकांना आली खरी. फरक इतकाच की, बुधवारीतली बाई माझ्या आईचे तोंड पाहून भाव सांगे तेव्हा आईही तिचे तोंड पाहत असे. या नव्या शेल्याखाली दुसऱ्या बाजूला कोणाची बोटे आहेत, ते दिसतच नाही. आणि 'काहून, चांदीचे आहे काय' म्हणून विचारायचे तरी कोणाला?

सौभाग्यवतींचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. एकच भाव, एकच भाव म्हणता म्हणता दोन वर्षांत त्या गोकुळपेठेत एका ठरलेल्या भाजीवाल्याच्या ठरलेल्या गिऱ्हाईक झाल्या. अमेरिकेतले मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतल्या सेफ्रू गावाच्या बाजाराचा अभ्यास करून १९७८ मध्ये एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, अशा बाजारात मालाची खरी माहिती कोणाकडेच पुरेशी नसते. म्हणून शहाणा माणूस दहा दुकाने हिंडत नाही, एकाच दुकानदाराशी पुन्हा पुन्हा, खोल जाऊन घासाघीस करतो, आणि त्यातूनच दोघांचे नाते पक्के होते. सौ.नी तो लेख वाचलेला नाही. पण आज भाजीवाला त्यांना आपणहून सांगतो, "ताई, आज गोबी घेऊ नका." हे वाक्य कोणत्याही वेष्टनावर छापलेले मिळत नाही.

येथपर्यंतचे सगळे लिहिताना मला बरे वाटले. आता जे सांगायचे ते आठ-नऊ वर्षे मी टाळत आलो आहे.

माझे एक मामा काटोलकडचे. पाच एकरांची संत्र्याची बाग. आमच्या भागात पुष्कळ शेतकरी फळे तोडून बाजारात नेत नाहीत. व्यापारी बागेत येतो, झाडे पाहतो, नजरेने फळांचा अंदाज करतो आणि सगळा बहार एकरकमी ठरवून इसार देऊन जातो. पुढची तोडणी आणि वाहतूक त्याची. त्या वर्षी आंबिया बहार चांगला धरला होता. पण सप्टेंबरात पाऊस थांबेना आणि फळगळ लागली. मी नेमका तेव्हा तेथे गेलेलो. प्राध्यापक भाचा आला, आणि भाव करण्यात तर त्याच्या आईचा चेला, म्हणून मामांनी मला व्यापाऱ्यासमोर बसवले.

मामांनी दोन लाख चाळीस हजार सांगितले. व्यापारी हसला. बागेतून एक चक्कर मारून आला, बुटाच्या टोकाने खाली पडलेली दोन फळे उलटली आणि म्हणाला, "पाटील, एक सत्तर." मी तोंड उघडले. मी खूप बोललो. दिवाळीचा बाजार, दिल्लीची मागणी, फळाचा आकार, सगळे बोललो. तो ऐकत राहिला. शेवटी मी म्हणालो, "दोन दहाच्या खाली जमणार नाही." तो उठला. कपडे झटकले. आपल्या मोटारसायकलकडे निघाला.

मामा हाक मारणार होते. त्यांचे तोंड उघडलेलेही मी पाहिले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणालो, "जाऊ द्या मामा. येतो बघा परत."

एक, दोन, तीन. त्याने मोटारसायकल सुरू केली आणि तो गेला.

मी दुसऱ्या दिवशी नागपूरला परतलो, कॉलेज होते. बागेत नऊ दिवस कोणी आले नाही. एकाने बोलणी केलेल्या बागेत दुसरा व्यापारी सहसा पाय घालत नाही, हे मामांना ठाऊक होते, मला नव्हते. रोज सकाळी झाडांखाली फळांचा सडा पडलेला असे. दहाव्या दिवशी एक जण आला आणि एक लाख दहा हजार म्हणाला. मामांनी त्याला दुसरा शब्द विचारला नाही. सोसायटीचा हप्ता होता.

हे मला मामांनी कधी सांगितले नाही, मामेबहिणीकडून कळले. उलट त्या दिवाळीलाही दरवर्षीप्रमाणे त्यांच्याकडून टोपलीभर संत्री आली. विहिरीजवळची दोन झाडे ते कधीच सौद्यात घालीत नसत, त्यांची. टोपली स्वयंपाकघरात उतरवून घेताना मी आईला सगळे सांगितले. ती संत्री एकेक करून परातीत ठेवीत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अरे, मी वांग्यांना पाठ फिरवायची तेव्हा घरी वांगी नसली तरी वरण होतं. भाऊच्या घरी काय होतं?"

मी काही बोललो नाही. मला बुधवारीतल्या गॅसबत्त्या आठवल्या. त्या उजेडात टोपल्यांच्या तळाशी उरलेली भाजी, आणि खेड्यांतून आलेल्या त्या बायांची सारखी रस्त्याकडे जाणारी नजर. शेवटची बस गेली तर ती भाजी आणि त्या, दोघींनाही रात्र तेथेच काढावी लागे. मी तेव्हा पिशवी धरून आईच्या मागेच उभा असे.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी पणत्या घ्यायला आम्ही गोकुळपेठेत गेलो. आता आई पंचाहत्तरीची, हातात काठी. पण पणत्या निवडायला तिला यायचेच होते. रस्त्याच्या कडेला एक बाई पोत्यावर पणत्या मांडून बसली होती. माझी कन्या पुढे झाली. तिने आजीची विद्या कधी पाहिलेली नाही, पण रक्तात असावी.

"कशा दिल्या पणत्या?"

"साठ रुपये डझन, बेटा."

"चाळीस लावा."

"नाही पुरत ना बेटा."

"मग राहू द्या," म्हणून कन्या वळली. मी पाहत होतो. पाऊल अगदी बेताचे पडले होते. एवढ्यात आईने काठी आडवी धरून तिला थांबवले आणि त्या बाईला विचारले, "कुठं जायचं आहे गं तुले?"

"पारडीले, आजी."

रस्त्यावरचे दिवे लागले होते. "साठ दे तिला," आई नातीला म्हणाली. मग पणत्यांकडे वळून, पंचवीस वर्षांपूर्वीच्या आवाजात, "पण एक वरून द्यावी लागेल, सांगून ठेवते."

बाई हसली आणि तिने दोन टाकल्या. कन्येने फोन काढून पाटीवरच्या चौकटीसमोर धरला. पोत्याच्या कोपऱ्यातल्या डबीने साठ रुपये आल्याचे खणखणीत आवाजात साऱ्या बाजाराला सांगितले. आई दचकली. "एवढं ओरडून काहून सांगते?" म्हणाली.

घरी येऊन पणत्या पाण्यात घातल्या तेव्हा चौदांतली एक कडेला टवका उडालेली निघाली. आईने ती दिव्याजवळ नेऊन, बोट फिरवून नीट पाहिली.

"तरी म्हटलं," ती म्हणाली, "दोन कशा दिल्या!"